आधी कोणतं दार बंद होतंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न मोठा होता. बाकीच्यांसाठी तो चार ओळींत सांगतो. मुलगा पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सातवं सेमिस्टर संपत आलंय, तिसऱ्या वर्षाची एक केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, अजून अंगावर आहे. कॅम्पसला बसणार नाही, एमपीएससी करणार, दोन वर्षं द्या म्हणतो. यजमान तीन वर्षांनी निवृत्त होतात, शैक्षणिक कर्ज पाच लाखांचं आहे, धाकटी बारावीला. बाप म्हणतो नोकरी धर, मुलगा म्हणतो माझ्यावर विश्वास नाही, आणि मधे तुम्ही. शेवटी विचारलंय, या चार वर्षांत आमचं कुठं चुकलं?

कॉलेजच्या प्लेसमेंट आणि करिअर मार्गदर्शनाच्या कामात हा प्रश्न दर डिसेंबर-जानेवारीत येतो. सरळ सांगतो, नोकरी बरी की एमपीएससी, हा तुमचा खरा प्रश्न नाही. दोन्ही बऱ्याच. खरा प्रश्न असा, की या दोन वाटांपैकी कोणती थांबेल आणि कोणती थांबणार नाही, याचा हिशोब घरात कुणी मांडलेला नाही. 'दोन वर्षं द्या' या वाक्यात मुदत आहे असं वाटतं, पण ती मुदत नाही. का, ते पुढे येईलच.

एमपीएससीची तहसीलदारासारख्या पदांची परीक्षा म्हणजे राज्यसेवा. तिची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. पीएसआय व्हायचं असेल तर खुल्या गटाला ३१. तुमचा मुलगा बावीस वर्षांचा. म्हणजे सगळ्यात कडक मर्यादा धरली तरी हातात नऊ वर्षं आहेत. कॅम्पसचं तसं नाही. कॅम्पसची भरती बॅचवर चालते. कंपनी येते ती 'या वर्षी पास होणारे' म्हणून येते, आणि बाहेरून फ्रेशर घेतानाही बहुतेक जण पास झाल्याचं वर्ष बघतात. अर्जात 'शिक्षणात एकूण खंड एक वर्षापेक्षा जास्त नसावा' अशी अट असते, काही ठिकाणी दोन वर्षं चालतात. म्हणून दोन वर्षांनी तो बाजारात येईल तेव्हा कागदावर फ्रेशरच असेल, पण फ्रेशरच्या रांगेत त्याला उभं करणार नाहीत. एमपीएससीचं दार उघडं राहतं, कॅम्पसचं या मे महिन्यात बंद होतं. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे. पटत नसेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक बरी गोष्ट. सॉफ्टवेअरच्या मोठ्या भरत्या सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला, जुलै-ऑगस्टच्या आसपास उरकतात. त्या गेल्या असतील. पण चाकण, रांजणगाव, तळेगाव पट्ट्यातल्या उत्पादन कंपन्या, त्यांचे सुटे भाग बनवणारे पुरवठादार, डिझाइन ऑफिसं हे बरेचसे आठव्या सेमिस्टरमधेच येतात. अजून उशीर झालेला नाही.

अडचण केटीची आहे. कंपन्यांच्या अटीत दोन वेगळ्या ओळी असतात आणि मुलं त्या एकच समजतात. एक, 'चालू बॅकलॉग नसावा', म्हणजे आत्ता एकही विषय राहिलेला नको. दुसरी, 'बॅकलॉगचा इतिहास नसावा', म्हणजे कधीच राहिलेला नको. दुसरी अट तुलनेनं थोड्या कंपन्या लावतात. पहिली जवळजवळ सगळ्या. त्यातही काही जण मुलाखतीच्या दिवशी बघतात, काही जण रुजू होण्याच्या दिवशी. तेव्हा त्या एका विषयाचा फॉर्म भरलाय का, पावती दाखव, एवढंच आज रात्री विचारा. विषय कुठला, का राहिला, यावर भाषण नको. शेवटच्या वर्षात राहिलेल्या केटीमुळे एमपीएससीचाही पाय अडकतो. पूर्व परीक्षेला शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात, पण मुख्य परीक्षेच्या अर्जापर्यंत पदवी हातात लागते.

आता नाजूक भाग. मुलगा एमपीएससीकडे चाललाय की कॅम्पसपासून पळतोय, हे तुम्हाला ओळखावं लागेल. दोन्ही मुलं तोंडानं एकच वाक्य बोलतात. फरक कळायला तीन प्रश्न पुरतात. कोणतं पद हवंय आणि त्या पदावरचा माणूस सकाळी दहा ते सहा काय काम करतो? मुख्य परीक्षेला वैकल्पिक विषय कोणता घेणार आणि तोच का? आणि गेल्या वर्षीची पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवलीस का, किती गुण पडले? ज्याला खरंच जायचंय तो तिसऱ्या प्रश्नावर तरी आकडा सांगतो, कमी का असेना. जो 'तहसीलदार' शब्दावर थांबतो आणि 'क्लास लावला की कळेल' म्हणतो, त्याचं पाणी दुसरीकडे मुरतंय. बहुतेक वेळा ते इंग्रजी मुलाखतीच्या आणि ग्रुप डिस्कशनच्या भीतीत असतं, किंवा केटीच्या लाजेत, किंवा खोलीतले तिन्ही पोरं अभ्यासिकेत जातात आणि हा एकटाच टाय लावून मुलाखतीला कसा जाणार, यात असतं. मराठी माध्यमातून आलेल्या, गावाकडच्या हुशार मुलांत हे फार दिसतं. भीती खरी आहे, टवाळी करू नका. पण तिचा इलाज सहा-सात सराव मुलाखती हा आहे. राज्यसेवा हा नाही. तिथंही शेवटी २७५ गुणांची मुलाखत आहेच.

तुमच्या 'कुठं चुकलं'चं उत्तर मला वाटतं इथंच आहे, आणि ते फार मोठं पाप नाही. बहुतेक घरांत या चार वर्षांत फोनवर तीनच गोष्टी बोलल्या जातात : फी भरली का, जेवलास का, निकाल काय लागला. प्रवेशाच्या कॅप फेरीत कट-ऑफ बघून शाखा घेतलेली असते. दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स नकोसं झालं तरी ते घरी सांगायची सोय नसते, कारण फीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मग चौथ्या वर्षी ते एकदम 'एमपीएससी' या नावानं बाहेर येतं, कारण तो एकच शब्द घरात मानाचा आहे. धाकटीच्या वेळी दर सेमिस्टरनंतर एक प्रश्न वाढवा : यातला कोणता विषय परत शिकायला आवडेल, कोणता अजिबात नाही?

आता परीक्षेचं मोजमाप, म्हणजे बापलेकाचं भांडण विश्वासावरून आकड्यावर येईल. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी २०० गुण आणि दोन तास. पहिल्यात १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दोन गुण, आणि चुकलेल्या उत्तराला पाव भाग, म्हणजे अर्धा गुण वजा. दुसरा सीसॅट, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर, ८० प्रश्न, तो फक्त ३३ टक्क्यांनी पास व्हायचा, म्हणजे ६६ गुण. गुणवत्ता यादी पहिल्या पेपरवर. समजा मुलानं ८० प्रश्न सोडवले, ५० बरोबर, ३० चूक. १०० वजा १५, हातात ८५. तो येऊन सांगतो 'ऐंशी सोडवले', आणि घरात सगळ्यांना वाटतं जमलं. तुम्ही विचारायचं ते निव्वळ गुण. आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे प्रवर्गनिहाय कट-ऑफ असतात. त्याच्या प्रवर्गाच्या आकड्याशेजारी याचा आकडा लिहा. इंजिनिअरिंगच्या मुलांना सीसॅट सहसा जड जात नाही, इतिहास आणि राज्यव्यवस्था जाते.

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. जुन्या पर्यायवाल्या परीक्षेचे किस्से सांगणाऱ्या चुलतभावाचा सल्ला म्हणून जपून घ्या. नऊ पेपर आहेत : मराठी आणि इंग्रजी हे पात्रतेपुरते, मग निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन. यादीसाठी धरले जातात ते १७५०, मुलाखत धरून २०२५. तीन-तीन तास हातानं लिहायचं. चार वर्षं असाइनमेंट एकमेकांच्या उतरवलेल्या आणि बाकी सगळं मोबाइलवर, अशा मुलाचा हात वीस मिनिटांत दुखायला लागतो. हे हसण्यावारी नेऊ नका. त्याला एखादा साधा प्रश्न द्या, दुष्काळ का पडतो असा, आणि दीडशे शब्द आठ मिनिटांत लिहायला सांगा. कागद बघूनच त्याला स्वतःला कळेल किती तयारी बाकी आहे.

नोकरी सांभाळून अभ्यास होतो का, हे तुम्ही विचारलंय. नोकरीवर अवलंबून आहे. दिवसपाळी असेल आणि येणंजाणं मिळून दीड तासाच्या आत असेल तर कामाच्या दिवशी अडीच तास निघतात. पाच दिवसांचे साडेबारा, शनिवार-रविवार आठ-आठ. आठवड्याला साधारण २८ तास. पूर्ण वेळ अभ्यास करणारा अभ्यासिकेत बारा तास बसतो, पण खरा अभ्यास सात-आठ तासांचाच होतो. सहा दिवसांचे ४२ ते ४८ धरा. पायाचा अभ्यास, म्हणजे राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं, वर्तमानपत्र, मागच्या प्रश्नपत्रिका, २८ तासांत नीट होतो. मुख्य परीक्षेची उत्तरं लिहिण्याचा सराव होत नाही, त्याला सलग वेळ लागतो. आणि तीन पाळ्यांची, बारा तास उभं राहण्याची नोकरी असेल तर पायाचाही होत नाही. अशी नोकरी फक्त 'हातात काहीतरी असावं' म्हणून धरू नका.

पगाराचा आकडा ऐकून बाबा लोक फार खूश होतात, म्हणून तोही उघडून दाखवतो. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिना ३० हजार, असं नसतं. त्यात २० हजार वर्षाअखेरच्या कामगिरीवर, कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८०० म्हणजे २१,६००, आणि मूळ पगार १५ हजार धरला तर ग्रॅच्युइटीचे सुमारे ८,६५०. हे सगळं पॅकेजमधेच मोजलेलं. उरले महिना सुमारे २५,८००. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात २३,८०० पडतात. खोली, जेवण, प्रवास जाऊन आठ-नऊ हजार मागे पडले तरी पुष्कळ.

तेवढेच पैसे तुमच्या कर्जाला लागणार आहेत, हा योगायोग नाही म्हणून सांगतो. शैक्षणिक कर्जाची सवलत साधारण अभ्यासक्रम अधिक एक वर्ष असते. काही बँका नोकरी लागल्यावर सहा महिने, यातलं जे आधी होईल ते धरतात. मंजुरीपत्रात बघा. नोकरी न लागल्यानं हप्ता थांबत नाही. पाच लाख, १० टक्के, सात वर्षं धरली तर हप्ता सुमारे ८,३०० येतो, आणि शिकत असतानाचं व्याज मुद्दलात चढलं असेल तर थोडा जास्तच. म्हणजे मुलगा दुसऱ्या वर्षाच्या तयारीत असताना हप्ता सुरू होणार, आणि यजमानांच्या नोकरीचं तेव्हा एक-दीड वर्ष उरलेलं असणार. कर्जावर सहअर्जदार म्हणून सही त्यांचीच आहे. एक हप्ता चुकला तरी सिबिल दोघांचं बिघडतं. वर पुण्यात राहून तयारी म्हणजे कॉट बेसिसचं भाडं, दोन वेळची मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज आणि वरखर्च. क्लासची फी सोडून महिना १२ ते १५ हजारांच्या आत हे क्वचित बसतं. दोन वर्षांचे तीन ते साडेतीन लाख झाले. मुलाला हा हिशोब कधी कुणी दाखवलेला नसतो. तो त्याच्याच हातानं लिहू द्या.

क्लासचे पैसे वाचवायची एक रीतसर वाट आहे. सारथी, बार्टी, महाज्योती, टीआरटीआय, अमृत या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या गटातल्या मुलांना स्पर्धा परीक्षांचं मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. निवड प्रवेश परीक्षेनं होते. ती परीक्षा द्यायला लावा. पैशांचा प्रश्न सुटतोच, शिवाय मुलगा इतरांच्या तुलनेत कुठं आहे तेही फुकटात कळतं.

तर माझं मत असं. आठव्या सेमिस्टरमधे केटी सोडवायची, कॅम्पसला बसायचं, दिवसपाळीची नोकरी मिळाली तर घ्यायची. पहिलं वर्ष पायाचा अभ्यास, आणि त्या काळात येणारी पूर्व परीक्षा पूर्ण तयारीनिशी द्यायची. निव्वळ गुण कट-ऑफच्या आठ-दहा गुणांच्या आत आले तर राजीनामा द्यायला मी स्वतः सांगेन, आणि मग पूर्ण वेळ तयारी. तोवर त्याच्याकडे साठलेले काही पैसे असतात आणि बायोडेटावर एक वर्षाचा अनुभव. तो अनुभव पुढे फार कामाला येतो.

हे प्रत्येकाला लागू नाही. मुलानं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून खरोखर अभ्यास केलेला असेल, आजच गुण कट-ऑफच्या जवळ असतील आणि हप्त्याची सोय घरातून होत असेल, तर नोकरीत एक वर्ष घालवायची गरज नाही. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण खात्री प्रश्नपत्रिकेनं होईल, माझ्या अंदाजानं नाही. आणि ऑफर घेऊन रुजूच व्हायचं नाही, हा हिशोब असेल तर ऑफर घेऊ नका. बऱ्याच कॉलेजांत एका मुलाला एकच नोकरी असा नियम असतो, तुमच्या मुलाची जागा दुसऱ्या कुणाची असते. रुजू होऊन रीतसर नोटीस देऊन सोडणं यात काही गैर नाही. सही करण्याआधी फक्त दोन गोष्टी वाचा : बाँड किती महिन्यांचा आणि रक्कम किती, आणि नोटीस ३० दिवसांची की ९० दिवसांची. मूळ गुणपत्रिका जमा करा म्हणणाऱ्या कंपनीत जाऊ नका.

तरीही तो ऐकला नाही, सरळ तयारीलाच बसला, तर? बसू द्या, पण करार लिहून. इथं 'दोन वर्षं'चा घोळ येतो. आयोगाच्या परीक्षा पुढे ढकलल्या जातात. जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, अंतिम यादी हे एक चक्रच दीड-दोन वर्षं खातं. मग दुसरं वर्ष संपलं की मुलगा म्हणतो मुख्य राहिलीये, चौथ्या वर्षी म्हणतो आता सोडलं तर सगळं वाया. त्यात त्याची लबाडी नसते, मुदतच चुकीची ठरवलेली असते. म्हणून वर्षं लिहू नका, प्रयत्न लिहा : 'दोन पूर्व परीक्षा, आणि काही झालं तरी अमुक तारखेपलीकडे नाही.' पूर्व झाली की आयोग काही दिवसांत पहिली उत्तरतालिका लावतो. निकालाची वाट बघायची गरज नाही, त्याच आठवड्यात घरी बसून गुण मोजायचे. कट-ऑफपासून तीस-चाळीस गुण लांब असेल तर पुढचे सहा महिने निकालाच्या आशेवर काढायचे नाहीत. महिन्याला किती पैसे पाठवणार, ते कुठल्या तारखेला, आणि न जमल्यास पुढची पायरी कोणती, हेही त्याच कागदावर. पुढची पायरी म्हणजे 'बघू' नव्हे. नाव लिहा : एमबीएची सीईटी, बँकेची पीओ परीक्षा, तिची वयोमर्यादा ३० आहे, नाहीतर चाकणला शिकाऊ म्हणून सुरुवात. बापानंही त्या कागदावर एक ओळ लिहायची, की ठरलेल्या तारखेपर्यंत दर रविवारी 'काय झालं अभ्यासाचं' विचारणार नाही. ही ओळ बाकी सगळ्यांपेक्षा अवघड जाते.

दोन्ही वाटांवर लागणारं एक काम आहे, ते कॉलेज सुटायच्या आत उरका. आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला, आणि ट्रान्स्क्रिप्टच्या दोन-तीन सीलबंद प्रती. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज बऱ्याच विद्यापीठांत पदवीदान समारंभाच्या वेळी वेगळा भरावा लागतो, तो आपोआप येत नाही. कित्येक मुलांना हे मुख्य परीक्षेच्या कागदपत्रांच्या वेळी कळतं. आरक्षणाचा लाभ घेणार असाल आणि अनुसूचित जाती-जमातीचे नसाल, तर जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, एका किंवा तीन आर्थिक वर्षांसाठी मिळतं. जाहिरातीतल्या तारखेला ते चालू असलं पाहिजे. शेवटचं, दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पदवीची गुणपत्रिका तिन्ही शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर लावून बघा. 'व्ही'चं 'डब्ल्यू' झालेलं असतं, वडिलांच्या नावातला 'राव' एकीकडे असतो, दुसरीकडे नसतो, आईचं नाव चुकलेलं असतं. विद्यापीठाच्या कागदावरची चूक तो कॉलेजात असेपर्यंत ऑफिसच्या खिडकीत एका अर्जानं दुरुस्त होते. नंतर त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र करत बसावं लागतं, आणि तेही नेमकं फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर आलेली असताना.